तिसरा थर

नात रश्शासाठी तेलाची धार धरते, तेव्हा मी अजूनही म्हणते, "बास की गं." ती म्हणते, "कोल्हापूरची असून तेलाला घाबरतीस व्हय आजी?" तेलाला कुठली, माझ्याच तोंडाला.

एमएस्सी होऊन मी अणुइंधनावर पुनःप्रक्रिया करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले, तीही कच्ची. पक्की करायची की घरी पाठवायची, हे सरांसमोर एक प्रयोग करून दाखवल्यावर ठरणार होतं. आम्लाच्या पाण्यात विरघळलेला युरेनियमचा पिवळा क्षार आणि रॉकेलसारख्या तेलात मिसळलेलं ट्रायब्युटाइल फॉस्फेट, दोन्ही वर बूच नि खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात घालून हलवायचं. नुसतं रॉकेल त्या क्षाराला जवळ करत नाही. फॉस्फेट त्याला धरून वर आणतं. मग खाली पाणी, वर पिवळं तेल.

"ह्यात शिकायचं काय हाय?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रश्शावर लाल कट कसा चढतो, हे आमच्याकडं पोरी पाळण्यात बघतात."

कटाला सढळ हात लागतो, म्हणून मी मापापेक्षा क्षार वाढवला, आम्लही जहाल घेतलं. तेल जितकं पिवळंजर्द, तितके सर खूश. नरसाळं हलवून स्टँडला अडकवलं आणि ही शहाणी हाताची घडी घालून उभी.

थर तीन झाले. खाली पाणी, वर फिकट रॉकेल आणि मधे जड, गडद पिवळा एक आगंतुक. फॉस्फेटनं इतकं उचललं होतं की ते रॉकेलात मावेना, फुटून खाली बसलं. कारखान्यात असं झालं तर युरेनियम-प्लुटोनियमचा जड माल नको तिथं साचतो आणि अणुसाखळी पेटू शकते, फार धोक्याचं.

"सर, नरसाळं खराब आहे," मी म्हणाले. माझी भाषा एकाएकी शुद्ध झाली होती.

"नरसाळं बरं आहे," सर म्हणाले. "वाढपी जरा सढळ आहे. ते ओतू नका, संध्याकाळपर्यंत राहू द्या. तुम्हीही इथंच थांबा."

चहाला जाणारा जो तो माझीच बोली उचलून विचारी, "काय पावणं, कट आला का वर?" मी टेबलावर बसवलेली फरशी बघत बसले.

संध्याकाळी सर म्हणाले, "उद्या सांगितलेल्या मापानं करा." केलं, पक्कीही झाले.

पण पुढं दर वर्षी नवी पोरं आली की सर हाक मारायचे, "बाई, तिसरा थर तुम्हीच दाखवा. तुमचा हात बसलाय." मी सढळ हातानं ओतायची, आणि पिवळं खाली बसेपर्यंत माझे कान लाल झालेले असायचे.