बाजूला बसायचे दिवस

"मग फडकी कुठं गेली, ते तर सांग की आक्का!" मालनने रिकामा हंडा मोरीत आपटला. "चार दिस बाजूला बसलीस. पौषातबी बसलीस. दोरीवर एक फडकं वाळताना दिसलं न्हाई. नदीला सोडून आलीस का काय?"

"धुतली हुती," चांगुणा म्हणाली. तिने नुकतंच डोक्यावरून पाणी घेतलं होतं. ओले केस पाठीवर तसेच होते.

"कधी? मी पहाटंपासनं हितंच मरती की! तुझ्या वाटणीच्या भाकरी मी थापायच्या, तुझ्या वाटणीचं धुणं मी धुवायचं, वर गोठा. तुला विटाळ म्हंजे माहेरपन झालंय आक्का. आन माझ्या कडेवर हे रडतंय."

"मालन, आवाज." सासू भागूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "बाहेर गडीमानसं हायत."

"ऐकू द्या की आत्याबाई! मी काय खोटं बोलती?"

ती खोटं बोलत नव्हती. मालन चांगुणेची धाकटी जाऊ, दीर रंगनाथची बायको. घरात दोनच सुना. एक बाजूला बसली की दुसरीवर दोघींचं काम पडे. त्या गल्लीतल्या बाकीच्या घरांत बाया चारी दिवस रानात जात, खुरपत, कुणाला काही वाटत नसे. पण भागूबाईच्या देवघरात नवनाथांची पोथी होती, आणि पोथीच्या घरात विटाळ कडक. चूल नाही, पाणी नाही, देव नाही. मागच्या अंगाची बियाण्याची खोली, एक घोंगडी, वरून टाकलेली भाकरी. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी.

चांगुणा त्या खोलीत पहिल्यांदा सलग राहिली ती दीड वर्षापूर्वी. तिला मुलगी झाली होती. पाचवी पुजायची तयारी झाली होती, पण त्या दिवशी सकाळीच मुलगी गेली. तिला पुरून आल्यावर भागूबाई म्हणाली, "पोर गेलं तरी अंग कच्चंच असतं." आणि तिने सव्वा महिना पुरा पाळायला लावला. डिंकाचे लाडू, शेक, अंघोळी, सगळं झालं. पाळणा मात्र माळ्यावर गेला. चांगुणेला उठून कुठल्या कामाला हात लावायची मुभा नव्हती आणि मांडीवर काही नव्हतं. कोपऱ्यात रंगनाथची अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची पुस्तकं गोणपाटात बांधून ठेवलेली होती. रंगनाथ दोनदा नापास होऊन ट्रकवर गेला होता. तिने गोणपाट सोडलं. ती स्वतः नववी झाली होती, मग लग्न झालं होतं.

तिला भूमिती बरी वाटली. काय सिद्ध करायचं ते आधीच लिहिलेलं असे. खाली एकेक ओळ उतरत जायची, रडायचं काही नसायचं.

ती बोलेना, हसेना, म्हणून नवऱ्याने, गहिनीनाथने, बाहेरून मॅट्रिकला बसायचा फॉर्म आणून दिला. त्याला वाटलं, मन रमेल. भागूबाईने विचार करून निकाल दिला होता, "शाळंची पुस्तकं म्हंजे काय पोथी न्हाई. विटाळात हात लागला तर लागू दे. बाजूला बसशील तवा वाच. एरवी पुस्तक दिसलं तर चुलीत घालीन." तेव्हापासून चांगुणेचं शिक्षण महिन्याला चार दिवसांचं झालं. इंग्रजीचे निबंध ती त्या चार दिवसांत पाठ करी आणि उरलेला महिना भाकरी थापताना मनातल्या मनात म्हणे.

पौषात पाळी आली नाही. तिच्या लगेच ध्यानात आलं. तिला आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. परीक्षा मार्चात, संगमनेरला होती. पाळी नाही म्हणजे खोली नाही, हे मात्र दिसत होतं. ती उठली, परसात गेली आणि परत येऊन उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आत्याबाई, कावळा शिवला." माघातही तेच केलं.

"काय गं," मालनचं बोलणं ऐकून भागूबाईने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. ती उठून मोरीपाशी आली. चांगुणेच्या तोंडाकडे तिने बघितलं, मग पोटाकडे. "चांगुणे, खरं सांग. शेवटचं कधी शिवलं?"

"मार्गशीर्षात."

"आन त्याच्यानंतर?"

"न्हाई."

मालनचा हात तोंडावर गेला. "अगं बया! आन मी म्हणतीय फडकी कुठं गेली."

भागूबाई देवघरात गेली. तिने दिवा लावला, भस्म आणून चांगुणेच्या कपाळाला लावलं. मग तिथंच तिचा आवाज चढला. "पोटात जीव असताना न्हाई म्हणलीस? आपल्या तोंडानं? एक गेलं तरी तुला अक्कल आली न्हाई? त्यानं ऐकलं असंल की आत!"

ऐकलं असेल का, असा चांगुणेने विचार करून बघितला. काही वाटलं नाही.

"आता मोटारीत बसायचं न्हाई. रानात जायचं न्हाई. संगमनेरलाबी न्हाई. ती परीक्षा-बिरीक्षा बंद. मालन, ती पुस्तकं बांध."

मालनने पुस्तकं बांधली नाहीत. ती पोराला घेऊन गोठ्यात गेली.

संध्याकाळी दोघे भाऊ जेवायला बसले तेव्हा घरात सगळ्यांना कळलेलं होतं. गहिनीनाथ कारखान्याच्या गोडाऊनवरून येताना पेढे घेऊन आला होता. तो ताटाकडे बघून हसत होता, चांगुणेकडे बघत नव्हता.

"पुढल्या वर्सी दे की," तो म्हणाला. "परीक्षा काय पळून चाललीय?"

"मी दोनदा दिली वहिनी," रंगनाथ म्हणाला. "दिली काय, न दिली काय, भाकरी तीच."

"तू गप," भागूबाई म्हणाली. "तुला कुनी इचारलं?"

चांगुणा वाढत होती. पुढच्या वर्षाचा तिने विचार केला. पोर जगलं तर ते मांडीवर असेल आणि बाजूला बसायचे दिवसही त्याच्यातच जातील. जगलं नाही तर परत सव्वा महिना ती खोली, पण परीक्षेचा फॉर्म आणून द्यायला कुणी धजणार नाही. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं. तिने ते पुन्हा तपासलं. बरोबर होतं.

मालन चुलीपुढे भाकरी भाजत होती. धुराने की कशाने तिचे डोळे लाल झाले होते. तिच्या पाठीला झोपलेलं पोर बांधलेलं होतं.

चांगुणेने भाजीचं पातेलं खाली ठेवलं.

"आत्याबाई," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, मीठ हवं का असं विचारावं तसा. "उद्यापासनं सकाळच्या समद्या भाकरी माझ्या. गोठाबी माझा. मालन सकाळचं काय करनार न्हाई. मी दोन म्हयन्यांत तिचे आठ दिस खाल्ले, ते फेडायचे हायत. दिवे लागले की मी मागल्या खोलीत जाईन. विटाळ नसताना जाईन. आन मार्चात संगमनेरला परीक्षेला जाईन, मोटारीनं. तुमी पुस्तकं चुलीत घातली तरी जाईन, माझं पाठ झालंय."

तिने पातेलं परत उचललं.

"ह्याच्यापुढं मी बाजूला बसनार न्हाई," ती म्हणाली. "बाळंत झाल्यावरबी न्हाई."