कंबरेवरचा गोरा पट्टा

साठी उलटली तरी मी कोवळीच होते, म्हणजे अकलेनं. कंबरेवर, परकराची नाडी बसते तिथं, तळहाताएवढा लालसर डाग होता. त्याची कोंड्यासारखी साल सुटायची. मी त्याला नायटा ठरवलं आणि मेडिकलमधून मलम आणून सहा वर्षं चोपडत राहिले. मलम लावलं की डाग फिका पडायचा, थांबवलं की परत यायचा. पुढं मांडीवर आला, दंडाच्या आतल्या अंगाला आला. आमचं घर वडगावात, पुढच्या सोप्यात पॉवरलूम. साडीचा रंग अंगाला लागतोय म्हणून मोकळी झाले.

एकदा न्हाणीतून येताना सुनेनं माझ्या कंबरेवरचा डाग पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. दोनदा कातडीचा तुकडा काढून तपासायला गेला. मग बाईंनी शांतपणे सांगितलं, लिंफोमा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, पण सध्या मुक्काम फक्त कातडीत. हळू चालतो.

"मग काय करायचं?" सुनेनं विचारलं.

"अतिनील किरणांचा उजेड द्यायचा. त्यानं आवरला तर बरं. नाही आवरला तर पुण्याला पाठवावं लागेल. तिथले उपचार जड असतात."

आठवड्यातून तीन दिवस जायचं ठरलं. दवाखान्यात कपाटाएवढी पेटी होती, आत चारी बाजूंनी उभ्या नळ्या. पहिल्यांदा काही सेकंदच, मग दर खेपेला थोडे वाढवायचे. डोळ्यांवर काळा चष्मा आणि अंगावर काही नाही.

"काही नाही म्हणजे?" मी विचारलं.

नर्स गोकाककडची, कन्नडमिश्रित बोलायची. "काही नाही म्हणजे काहीच नाही री, आज्जी. मी पडद्याबाहेर आहे. तुम्ही आत जाऊन हाक मारा, मी बटण दाबते."

चार लेकरं झाली, पण मी नवऱ्यासमोरसुद्धा कधी उजेडात उभी राहिले नव्हते. इथं तर चारी बाजूंनी उजेड. मी हुशारी केली. लूमवरून साडी उतरली की आम्ही ती खिडकीशी धरून बघतो. कुठं धागा चुकला, जाळी पडली तर लगेच कळतं. त्या सवयीनं मी एका खराब निघालेल्या जांभळ्या साडीचा हातभर तुकडा कापला आणि खिडकीशी धरला. पलीकडचं पेरूचं झाड दिसलं. झाड दिसतंय म्हणजे उजेड आरपार जातोय, मग लाज का सोडायची? दर खेपेला पडद्याआड गेले की तो तुकडा कंबरेला गुंडाळायची, वर चष्मा लावायची आणि "हं, दाब गं" म्हणायची. स्वतःवर लई खूश होते.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. मांडीवरचे डाग जवळजवळ गेले होते, दंडावरचे पुसट झाले होते. कंबरेवरचा मात्र होता तसाच.

"बाकीचं अंग सावळलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा पट्टा गोरा कसा?"

"तिथं मी मूळचीच गोरी हाय."

त्यांनी डाग बोटानं दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "हा डाग उजेडाला दाद देत नसेल तर थांबून चालणार नाही," आणि पुण्याची चिठ्ठी लिहायला घेतली. सून हळूच विचारायला लागली, किती दिवस राहावं लागेल, केस जातील का, लेकराची शाळा आहे तर सोबत कुणी थांबायचं. माझ्याकडं बघत नव्हती. डोळे भरले होते, तेवढं दिसलं.

"चिठ्ठी ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं आणि पिशवीतून तुकडा काढून टेबलावर ठेवला.

सुनेनं तो उचलून उलगडला. मग सून म्हणाली, "आत्या, तुम्ही चोवीस वेळा हे गुंडाळून उभ्या राहिलात?"

"व्हय. पण उजेड जातोय की त्यातनं. बघ."

"जातो तो दिसणारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधाचा किरण डोळ्यांना दिसत नाही, आज्जी. तो ह्या गडद रंगातच अडकतो." चिठ्ठी त्यांनी फाडली नाही, खणात ठेवली. आणखी दोन महिने बघू, म्हणाल्या.

उजेड न लागलेल्या कातडीला एकदम जास्त वेळ दिला तर ती भाजते, म्हणून कंबरेला पुन्हा पहिल्यापासून सेकंद मोजायचे होते, आणि तोवर बाकीचं अंग झाकायचं होतं. तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत कपड्यात आणि कंबर तेवढी उघडी, अशी पेटीत उभी राहायला लागले. पडदा आता अर्धा उघडा असायचा. नर्स आत डोकावून खात्री करायची, सून तिच्या मागून.

डाग गेला. त्या जागेचा तुकडा परत तपासला, त्यात काही निघालं नाही. पण हा पाहुणा परत येऊ शकतो, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. दर तीन महिन्यांनी मी त्यांच्यासमोर उभी राहते आणि त्या म्हणायच्या आत परकराची नाडी सोडते.