लढाईच्या सालातला एक तास

आत्या गेली आणि मी आधी घड्याळं पाहिली.

नर्सचं, भिंतीवरचं, माझ्या मोबाईलचं. तिन्ही जुळल्यावरच फॉर्मवर वेळ लिहू दिली. नर्स वैतागली. वैतागू दे.

तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये, म्हणून लिहितेय.

वच्छलाआत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण. वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याची. ती जन्मली तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. आजोबा पळत स्टेशनवर गेले, तिथली वेळ पाहून आले आणि जोशीबुवांना सांगितली.

कुंडलीत निघाला मंगळ.

सत्तरच्या दशकात तिला कारंज्याचं स्थळ आलं. मास्तर होते. दोघांनीही एकमेकांना पसंत केलं. मी तेव्हा सहावीत. आत्या त्या आठवड्यात उगीचच हसायची, हे मला पक्कं आठवतं.

मास्तरांच्या आईने कुंडली पाहिली आणि नकार कळवला. मास्तर आईपुढे एक शब्द बोलले नाहीत. वर्षाच्या आत त्यांचं दुसरीकडे लग्न झालं.

पुढे दोन वर्षांनी रेल्वेतले एक रिटायर्ड बाबू आजोबांकडे चहाला आले. बोलता बोलता आत्याच्या जन्माचं साल निघालं.

"त्या सालात तं टेशनचं घड्याळ एक घंटा पुढं होतं, लढाईपायी," ते म्हणाले. "सरकारनंच केलं होतं. तुमी तो घंटा कमी केला होता नं?"

कोणीच केला नव्हता.

जोशीबुवांनी पुन्हा मांडणी केली. मंगळ नव्हताच.

आजोबा खूश. "वच्छे, आता नवी पत्रिका धाडतो चार ठिकानी."

आत्या भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कायले? ज्याले दाखवाची होती त्याले पोरगं झालं."

तिने लग्न केलं नाही. किन्हीराजाला बालवाडी चालवली. मास्तरांचा मला अजून राग येतो. तिला येत नव्हता, याचा जास्त येतो.

आता मी पुण्यात टाइमझोनच्या फाइली सांभाळते. कुठल्या देशाचं घड्याळ कधी पुढेमागे झालं, त्याच्या नोंदी. जुनी नावं, कोणी वापरत नाही अशा ओळी काढून टाकणं हेही माझंच काम. आजवर बिनदिक्कत उडवल्यात.

मागच्या महिन्यात काढायच्या यादीत ती ओळ आली. भारत, दुसऱ्या महायुद्धाची वर्षं, एक तास पुढे.

"मॅडम, कॉम्प्युटर वेळ मोजतो सत्तर सालापासून, त्याआधीचं कोण विचारतं? डिलीट करू," टीममधला सहकारी म्हणाला.

मी आत्याला फोन लावला. वाटलं, म्हणेल, टाक पुसून, पीडा गेली.

ती म्हणाली, "राहू दे बाई. माह्यासारखी आनखी कोनी असन त्या सालातली. तिले समजलं पाह्यजे, दोष तिचा नोता."

महिनाभर टीमशी भांडले. काल निर्णय झाला. ते सांगायलाच आज पहाटे वाशिमला निघाले होते, आत्या. पोचले तेव्हा तू दवाखान्यात होतीस, बोलत नव्हतीस.

ती ओळ ठेवलीय गं.

तुझ्या पाया पडते. जा आता.