कमरेच्या वर

आइस हॉकीत कोणाला नेमकं काय लागलंय, हे बाहेर सांगत नाहीत. कमरेच्या वर लागलं की टीम जाहीर करते, ‘अप्पर बॉडी’. खाली लागलं की ‘लोअर बॉडी’. खांदा निखळलेला आणि मेंदूला मार बसलेला, दोघं एकाच शब्दात. कारण विचारलं तर म्हणतात, समोरच्यांना कळलं तर ते मुद्दाम तिथेच मारतील. म्हणजे मारणारे मारणारच, हे सगळ्यांना मान्य. फक्त जागा लपवायची. मी गोदामात राबणाऱ्यांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहिते, दारोदार वाटते, एका पानात म्हणणं संपवते. हे एका पानात संपत नाही, कारण यात माझा धाकटा भाऊ आहे.

आम्ही अमेरिकेत, शॉमबर्गला वाढलो. बाबा नागपूरचे, सॉफ्टवेअरवाले. आई लॅबमध्ये. ओळखीतली मुलं स्पेलिंगच्या नाहीतर गणिताच्या स्पर्धांना जायची. माझा भाऊ पाचव्या वर्षी कोणाच्या तरी बर्थडेला बर्फावर गेला, तो तिथलाच झाला. पहाटे रिंकवर सोडायला आई जायची आणि पायावर ब्लँकेट घेऊन, थर्मासमधला चहा पीत बसून राहायची. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, हॉकी खेळून हा पुढे करणार काय? आई म्हणाली, “हॉकी.”

त्याच्या किटच्या पिशवीला असा वास यायचा की गॅरेजचं दार उघडायची भीती. आई त्यात कापराच्या वड्या टाकायची. पुढे तो प्रोफेशनल झाला, घरापासून लांबच्या एका गावात, तेव्हा टीममधली दांडगी पोरं मॅचआधी त्याच्याकडे कापूर मागायची. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हुंगायची आणि बर्फावर धावायची. हे ऐकून आईने डबाच भरून पाठवला.

प्रोफेशनल म्हणजे टीव्हीवर दिसतात ते नव्हेत. हा खालच्या लीगमध्ये. बसचे प्रवास, टीममधल्या दोघांत एक अपार्टमेंट, आणि सतत एका फोनची वाट. वरच्या लीगमधल्या टीमला माणूस कमी पडला, येतोस का? त्या एका वाक्यासाठी ही मुलं तरुणपण काढतात.

जानेवारीतली मॅच आम्ही घरी लॅपटॉपवर बघत होतो. भाऊ कोपऱ्यात, पाठ मैदानाकडे, आणि मागून आलेल्याने त्याला रिंकभोवतीच्या काचेवर आपटलं. हेल्मेट वाजलेलं आम्हाला इथे ऐकू आलं. तो उठला, बाकावर बसला, आणि शेवटच्या पिरियडला पुन्हा खेळायला उतरला. याला उतरवलं कोणी, हे मी लॅपटॉपला ओरडून विचारत होते. दुसऱ्या दिवशी टीमने जाहीर केलं: अप्पर बॉडी. बाबा गाडी घेऊन गेले आणि त्याला घरी घेऊन आले.

तो बेसमेंटमध्ये दिवे न लावता पडून राहायचा. कसं वाटतंय विचारलं की “आय ॲम गुड.” जेवायला बोलावलं तरी “आय ॲम गुड.”

मग तो फोन आला. वरच्या टीमचा डिफेन्समन आजारी पडला होता, शनिवारी खेळायचं होतं. अट एकच, गुरुवारी डॉक्टरांनी ठीक म्हटलं पाहिजे. डॉक्टर काय करतात? विचारतात. डोकं दुखतं? चक्कर येते? उजेडाचा त्रास? मुलं ‘नाही’ म्हणतात आणि खेळायला जातात. ज्याची रोजीरोटी ‘नाही’वर चालते त्यालाच विचारायचं आणि तपासणी झाली म्हणायचं!

मी बेसमेंटमध्ये जाऊन भाषण दिलं. मालक, विमा, चाळिशीत नावं विसरणारे जुने खेळाडू, सगळं. तो कॅप डोळ्यांवर ओढून ऐकत होता.

“ताई,” तो शेवटी म्हणाला, “आय ॲम नॉट युवर पत्रक.”

‘ताई’ सोडलं तर अख्ख्या वाक्यात एकच मराठी शब्द, तोही माझ्यावर उलटवायला. मग त्याने इंग्लिशमध्ये शांतपणे सांगितलं, की हा फोन बहुतेकांना कधीच येत नाही, पुढच्या वर्षी त्याच्याहून लहान मुलं येतील, आणि त्याला दुसरं काही येत नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. मला राग आला तो त्याचाच.

आईचं मात्र वेगळंच चाललं होतं. तो आला त्या दिवशी तिने वरणभाताला कुकर लावला होता. शिट्टी झाली आणि खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून डाळ पातेल्यात शिजायला लागली, मंद आचेवर, अर्धी दुपार. कुकर बिघडला का, मी विचारलं. “वेळ आहे आज,” ती म्हणाली. लॅबमधून सुट्टी काढून घरी बसलेली बाई, तिला वेळ होता.

बुधवारी दुपारी तो वर येऊन जेवायला बसला. ताटाकडे न बघता कालवत होता. आई समोर बसली.

“कुठे दुखतंय रे?”

“आय ॲम गुड, आई.”

“मराठीत सांग.”

त्याला मराठी सगळं कळतं. बोलता येतं ते मात्र पाच वर्षांच्या मुलाइतकंच. त्यापुढचं सगळं तो बर्फावर शिकला, दुखणं लपवायचे शब्दसुद्धा. ते सगळे इंग्लिश. मग त्याने कानामागे हात नेला.

“इथे बाऊ झालाय,” तो म्हणाला. “आत. मोठा.”

सव्वासहा फूट उंच, पुढचा एक दात नाही, आणि बाऊ. एरवी मी त्याला वर्षभर चिडवलं असतं. आई उठली, खुर्चीमागे गेली, आणि कानामागे हळूच फुंकर घातली, गुडघा खरचटल्यावर घालतात तशी. त्याने मान तशीच वाकवून ठेवली.

“उजेड टोचतो?” तिने विचारलं.

“टोचतो.”

“फोनवरची अक्षरं हलतात?”

“हो.”

“गाडीत कसंतरी होतं?”

“हो. येताना खूप.”

ती विचारत गेली, तो सांगत गेला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, “उद्या हे सांगितलं तर मी जाणार नाही वर.”

“मला माहितीये,” आई म्हणाली. तिच्या आवाजात मला त्या सगळ्या पहाटा ऐकू आल्या. जा म्हणाली नाही, जाऊ नकोस म्हणाली नाही. ताटात आणखी भात वाढला.

गुरुवारी त्याच्याबरोबर मी गेले. अट घातली होती, ताईने तोंड उघडायचं नाही. डॉक्टर भले होते, घाईत होते. पहिला प्रश्न आला, डोकं दुखतं का? भाऊ बुटांकडे बघत राहिला. इतका वेळ, की मी जीभ दातांखाली धरली. “येस,” तो म्हणाला. पुढच्यालाही येस. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि मग घाई केली नाही. महिनाभर खेळ बंद, पुढचं पुढे बघू.

वरच्या टीमने त्याच्या रूममेटला बोलावलं. भावाने स्वतः फोन करून त्याचं अभिनंदन केलं, आणि फोन ठेवून बराच वेळ बाथरूममध्ये राहिला.

शनिवारी त्याला ती मॅच हवीच होती. पडदा बघवत नव्हता, म्हणून तो टीव्हीकडे पाठ करून कार्पेटवर बसला आणि बाबांनी हळू आवाजात कॉमेंट्री सुरू केली. बाबांना इतक्या वर्षांत नियम कळलेले नाहीत.

“तुझा मित्र आला. निळ्यांनी त्याच्याकडे दिला. आता तो मागे मागे पळतोय.”

“पळत नाही, बाबा. डिफेन्सचं तसंच असतं, उलटं.”

“बरं. तसंच असतं.”

आई त्याच्या खांद्याला टेकून बसली होती. मधल्या पिरियडला बाबा बोलता बोलता थांबले. टीव्हीवर रूममेट कठड्यापाशी आडवा होता.

“काय झालं?” भावाने मान न वळवता विचारलं. “पडला?”

“पडला.”

“उठला का?”

“उठतोय.” बाबा टीव्हीजवळ सरकले. “उठला. दोघांनी धरलंय.”

भावाने चाचपडत फोन उचलला आणि मागे माझ्याकडे धरला. त्याला लिही, म्हणाला, मॅच संपली की आधी मला फोन कर, कोचशी बोलायच्या आधी. मी तेवढंच लिहिलं, पदरचं काही न घालता, आणि पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवलं.