पेप्लम

आळीतले किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. पाणी भरता भरता, दारातून डोकावता डोकावता ते आपले साचत जातात. मी तर जरा जास्तच डोकावते! त्या दिवशी विहिरीवर दोघी कुजबुजत होत्या, "अनसूया सासूचं लुगडं घेऊन गेली म्हंते, अन् आता ते वापस..." तेवढ्यात रहाट कुरकुरला आणि पुढचं राहिलं. मला कुठला दम निघतो! पण त्याच्या आधीचं सांगायला हवं.

*

लढाईचे दिवस. वाशीमच्या बाजारात कापड नाही. कंट्रोलच्या दुकानात रांग लावावी, तर आपण पोचेपर्यंत नुसती फळी उरायची! एकदा शेजारचे मास्तर ओट्यावर पुस्तकातलं चित्र दाखवत म्हणाले, "ही ग्रीस देशातली जुन्या काळची बाई. शिवलेलं काही नाही. एक कापड गुंडाळायचं, खांद्यावर टाचायचं. रोमन लोक त्याला पेप्लम म्हणत. आता हा शब्द कोणी वापरत नाही."

मास्तरीण सुपात ज्वारी पाखडत होती. तिचं विटलेलं लुगडं खांद्याशी बाभळीच्या काट्यानं टाचलेलं. मान वर न करता म्हणाली, "आमी वापरतो ना!"

*

शब्द आळीभर झाला. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं, तर अर्ध्या बायका आल्याच नाहीत. बोलवायला गेले की दाराआडून एकच उत्तर, "पेप्लम हाय, काकू!"

आधी हसले. मग वाण दारांच्या फटींतून देत फिरले.

*

बांगडीवाल्याची कुलसुमबी भेटली. मी म्हटलं, "तुमचं बरं हाय बाई, वरून बुरखा!"

ती म्हणाली, "अंदर का हाल किसने देखा, काकू? अंदर पेप्लमच है!"

*

अनसूया आणि तिची सासू काशीबाई, घरात दोघीच. अनसूयाचा नवरा लढाईवर. दोघींत धड लुगडं एक. एक बाहेर निघाली की दुसरी गोणपाट गुंडाळून आत.

एकदा मी काशीबाईंना विचारलं, "मावशी, तुमी दोघी एकदम कधी दिसत नाही!"

"दिसू कशा वं? आमी दोघी मिळून एकच बाई!"

*

पुढे जऊळक्याहून निरोप आला, अनसूयाचा बाप शेवटच्या घटका मोजतो आहे. ती गेली. बरेच दिवस झाले तरी परतली नाही. विहिरीवरची कुजबुज तेव्हाची. मी विरजणाचं निमित्त करून काशीबाईंच्या दाराशी गेले.

"सखू, आत नको येऊ वं. पेप्लम हाय."

"मावशी, लोक म्हंतेत, अनसूयानं लुगडं पळवलं."

"पळवलं कायले? म्या माह्या हातानं नेसवलं तिले. बाप मरून राह्यला, तं पोरगी का गोणपाटात जाईन?"

"अन् नाही आली वापस, तं?"

 आतून आवाज आला, "तं मंग हे दार काई उघडत नाही."

*

अनसूया आली ती भर दुपारी. मी ओट्यावरच होते, विहिरीवरच्या त्या दोघीही बघत होत्या. अंगावर तेच लुगडं. पण निऱ्या नाहीत, पदर नाही. कसंबसं गुंडाळलेलं, खांद्यावर काट्यानं टाचलेलं, आणि एका कडेनं उभं फाडलेलं. लुगडं वापस आलं होतं, अर्धं.

दाराशी थांबून ती म्हणाली, "आत्याबाई, तिकडंबी कापड नाही भेटलं. बापाले झाकाले काहीच..."



दार उघडलं. काशीबाई गोणपाटातच, सगळ्या आळीदेखत, उंबऱ्याबाहेर आल्या. फाटलेल्या कडेवरून त्यांनी हात फिरवला.

"पेप्लम काय वं?" म्हणाल्या, आणि खांद्यावरचा काटा उपसून नीट खोचू लागल्या. "असा लाव. रुतत नाही मंग."