चामड्यातली माया

माझे धाकटे दीर मोटरसायकलवाल्यांचे चामड्याचे सूट शिवतात. आधी सोफ्यांची आणि गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायचे. एकदा एका शर्यतवाल्याने फाटलेला सूट दुरुस्तीला आणून दिला. तो त्यांनी उसवून आतून बाहेरून बघितला, आणि तेव्हापासून सोफे सुटले ते सुटलेच. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, मी भावोजी म्हणते. बोलणं मोजकं. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचं जाड सुईचं मशीन आहे, भिंतीवर टांगलेली कातडी आहेत, आणि मधोमध बोल्टांनी जमिनीत आवळलेली एक भंगारातली मोटरसायकल. तिला चाकं नाहीत. घरात सगळे तिला घोडा म्हणतात. सकाळी देवापुढे दिवा लावून मी चहा घेऊन खाली जाते, तेव्हा घोड्यावर कोणी ना कोणी ओणवं बसलेलं असतं आणि भावोजी टेप घेऊन त्याच्या पाठीशी.

माप ते बसवूनच घेतात. सूट तयार झाला की गिऱ्हाईक आधी आरशाकडे पळतं आणि तोंड पाडून परत येतं.

"मास्तर, पाठ सरळच होत नाही हो. माकडासारखा दिसतोय मी."

"गाडी उभ्याने चालवणार आहेस का?"

"नाही, पण जरा सैल केला असता तर..."

"सैल हवा तर गाऊन शिवून घे. शेजारच्या गल्लीत शिवतात."

गिऱ्हाईक कुरकुरत घोड्यावर बसतं, आणि ओणवं झालं की सूट पाठीला बरोबर बसतो. मग भावोजी त्याचं कोपर पकडून पिळतात. कोपराच्या आत टणक गादी असते. माणूस पडून रस्त्यावर घसटत गेला तर ती हाडावरच राहायला हवी. बाही सैल असली की गादी बाजूला सरकते.

त्यांची एकुलती एक मुलगी, एका जागी बसत नाही म्हणून आमची भिंगरी, शर्यतीच्या मैदानात गाडी चालवते. तिला मात्र त्यांनी कधी सूट शिवून दिला नव्हता. नको असं कधी म्हणाले नाहीत, नुसतं "बघू" म्हणत राहिले. ती मैत्रिणीचा जुना, ढगळ सूट घालून जायची. मागे एकदा वळणावर पडली, गादी सरकली आणि कोपर सोलवटून निघालं. धाकटी जाऊ तिला मलम लावत होती, पण बघत होती भावोजींकडे. त्यात मैदानावरच्या तपासनिसाने बजावलं, की निवडीच्या दिवशी सूट अंगाबरोबर नसेल तर फाटकातूनच परत पाठवीन. निवड हुकली की संघातली जागा गेली.

भावोजींनी शेवटी सूट शिवायला घेतला. निवड रविवारी होती. शुक्रवारी भिंगरी तो घालून घोड्यावर बसली. मी जपाची माळ घेऊन दारातच बसले होते.

"काकू, कसा आहे?"

"छान गं. ऐसपैस दिसतोय."

ऐसपैस म्हटल्याबरोबर तिचं तोंड उतरलं. तिने स्वतःचंच कोपर पकडून पिळलं. गादी गर्रकन आतल्या बाजूला गेली.

धाकटीने काखेतली शिवण उलटून पाहिली. शिवणीपलीकडे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. पोथीत वाचतो ती माया वेगळी.

"ही खडूची खूण इथे," धाकटी म्हणाली, "आणि शिवण बघा कुठे! पार मायेत मारलीय. अहो, डोळे मिटून शिवलंत का?"

"माप बरोबर घेतलंय मी."

"मग शिवण कुणी सरकवली? मांजराने?"

"तिला श्वास घ्यायला नको? आवळून ठेवायचं पोरीला? जास्त वाटलं तर आत घेता येतं. चामड्यात सुईची भोकं बुजत नाहीत, एकदा घट्ट शिवलं की वाढवता येत नाही."

"बाबा," भिंगरी म्हणाली, "मी गिऱ्हाईक असते तर हा सूट मला दिला असता तुम्ही?"

"तू गिऱ्हाईक नाहीस."

"म्हणून मी कोपर फोडून घ्यायचं?"

माझ्या माळेचा मणी पुढे सरकेना.

"काढ," भावोजी म्हणाले.

शनिवारी दोघांनी मिळून सगळा सूट उसवला. भावोजी खडूच्या खुणेवर शिवत होते, धाकटी दोरा मेणावरून ओढून देत होती. कडेच्या जुन्या भोकांच्या पट्ट्या कापून खाली पडत होत्या. जेवायला हाक मारली तर "वहिनी, तुम्ही बसा" एवढंच. संध्याकाळी भिंगरीने सूट चढवला. धाकटीने तिच्या पोटाला गुडघा लावून चेन ओढली.

"पोट आत घे गं!"

"आई, पोट नाही ते, बरगड्या आहेत!"

"कुठे आवळतंय?" भावोजींनी विचारलं.

"सगळीकडे."

"एखाद्या जागी जास्त?"

"नाही. सगळीकडे सारखंच."

"आता बस."

ती घोड्यावर ओणवी बसली, जरा थांबली. "बसल्यावर काहीच नाही, बाबा."

भावोजींनी मान हलवली आणि खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करायला लागले.

रविवारी आम्ही सगळेच गेलो. देवाला सांगून निघाले होते मी, काय ते बघून घे म्हणून. तपासनिसाने भिंगरीचं कोपर धरून पिळलं. गादी काही सरकली नाही, कोपराबरोबर अख्खी भिंगरीच फिरली. त्याने दुसरं कोपर पाहिलं, गुडघे पाहिले, मग फाटकाचा दांडा वर केला.

"जा."

ती गेली. भावोजींनी आजवर एकदाही तिची शर्यत पाहिली नव्हती. दरवेळी हातात काम असायचं. आज ते फाटकाशीच घुटमळले.

"घरी जाताय?" धाकटीने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मागे एकदा ती पडली होती ते वळण कुठलं?"

धाकटीने हात करून दाखवलं. भावोजी आमच्या पुढे होऊन तिकडे चालू लागले.