फ्रेम निवड समिती

करोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या मुलीला डेल्फ्टच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. ऑगस्टअखेर ती बेस्ट नावाच्या डच गावातलं आमचं घर सोडून तिथल्या खोलीवर जाणार हे ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी बायकोने तिच्या आईच्या जुन्या साड्या कपाटातून बाहेर काढल्या. लेकीबरोबर गोधडी गेली पाहिजे. मुलीचं म्हणणं, ती दुकानातून ड्यूव्हे, म्हणजे इकडची फुगीर रजई, घेईल. बायकोने ते ऐकूच आलं नाही असं दाखवलं, पण मग बराच वेळ त्याच साड्यांच्या घड्या मोडत आणि परत घालत बसली.

आमचं शिवणाचं मशीन साधं, घरगुती. त्यावर मोठी गोधडी वळवता येत नाही, असं ती सहज बोलून गेली. घरात कुणी सहज बोललं की मी त्याचा प्रकल्प करतो. अशा कामाला फ्रेम मिळते, असा शोध मी लावला. लांब दांड्यांवर गोधडी ताणून गुंडाळायची आणि चाकांच्या पाटावर ठेवलेलं मशीन तिच्यावरून फिरवायचं. लगेच एकसदस्यीय निवड समिती स्थापन झाली. एक्सेलमध्ये चौदा रकाने: लाकडी की लोखंडी, घडीची की बिनघडीची, हॉलमध्ये मांडल्यावर सोफ्यापर्यंत पोचता येईल का. माप डबलबेडचं, कारण आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्या त्याच मापाच्या. जुलै असा गेला. समितीचं काय म्हणणं, असं बायको रोज जेवताना विचारायची. समिती अभ्यास करत होती.

ऑगस्टमध्ये आर्नहेमला एक वापरलेली फ्रेम सापडली. माझं डच सुपरमार्केटच्या काउंटरवर संपतं, म्हणून मुलीला दुभाषी म्हणून नेलं. विकणाऱ्या आजी मास्क लावून गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. मोबाइलवरचा तक्ता दाखवायला मी पुढे झालो, तर त्या तेवढ्याच मागे सरकल्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: गोधडी कुणासाठी, आणि पलंग केवढा?

मी मुलीकडे पाहिलं.

"नाइन्टी सेंटिमीटर्स," ती म्हणाली. "बाबा, यू नेव्हर आस्क्ड."

चौदा रकान्यांत हा रकाना नव्हता. आजी बरंच काही बोलल्या, मुलीने मला ते हसतहसत थोडक्यात सांगितलं. एवढ्याशा गोधडीला फ्रेम कशाला, साध्या मशीनवर होईल. फक्त पलीकडून वजन उचलून धरायला एक माणूस लागेल.

तो माणूस मी. पुढचे दहा दिवस डायनिंग टेबलाच्या एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप, आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या माझ्या दोन्ही हातांवर गुंडाळलेली गोधडी. एका मीटिंगमध्ये माइक चालू राहिला.

"ओढू नकोस. सैल सोड," बायकोचा आवाज सगळीकडे गेला. "झोपलास काय?"

डच मंडळी गंभीर राहिली. पुण्याच्या दोघांनी कॅमेरे बंद केले.

शेवटचा टाका जायच्या आदल्या दिवशी पडला. सकाळी मुलीने बॅगा डिकीत टाकल्या. गोधडी मात्र तशीच काखेत मारून ती मागच्या सीटवर बसली. अर्ध्या वाटेवर मागची बडबड थांबली, म्हणून बायकोने वळून पाहिलं. मुलगी नाकापर्यंत गोधडी ओढून झोपली होती.

बायकोने मला रेडिओ बंद करायला लावला, आणि मग जरा हळू चालव म्हणाली.